छायाचित्रातली खोली: भिंगाचा वाटा किती, उभे राहण्याच्या जागेचा किती

छापलेल्या छायाचित्रावरून बोट फिरवले तर ते सगळीकडे सारखेच गुळगुळीत लागते. पुढचे झाड आणि मागचा डोंगर एकाच कागदावर, एकाच पातळीत असतात. तरीही डोंगर लांब आहे, रस्ता दूरवर गेला आहे, असे आपण त्या कागदाकडे पाहून निःशंकपणे म्हणतो. सपाट पृष्ठभागावर ही खोली येते कुठून आणि ती आणण्यात कॅमेऱ्याच्या भिंगाचा हात नेमका किती, हे या लेखात पाहायचे आहे. ‘टेली लेन्स चित्र चपटे करते’, ‘वाइड लेन्सने खोली वाढते’, ‘अमुक लेन्सचा थ्रीडी परिणाम काही औरच’ ही विधाने छायाचित्रणाच्या गप्पांत इतक्या सहजपणे फिरत असतात, की ती तपासून पाहावीत असे कोणाला वाटत नाही. (टेली म्हणजे दूरचा छोटा तुकडा मोठा करून दाखवणारे भिंग, वाइड म्हणजे रुंद दृश्य चौकटीत घेणारे.) त्यांतली पहिली दोन अर्धी खरी आहेत, आणि तिसऱ्याकडे शेवटी वळू.

आधी आपल्या डोळ्यांविषयी थोडे. दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटीमीटर अंतर असल्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळ्या बाजूने दिसते आणि या दोन प्रतिमांतल्या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आपल्या स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने हे दाखवून दिले होते: दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी सपाट चित्रे दाखवली, की पाहणाऱ्याला एकच घन वस्तू दिसू लागते. शिवाय मान हलवली की जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंपुढून भराभर सरकतात, आणि जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग फुगावे लागते. या दोन्हींवरूनही अंतर कळते. साधा कॅमेरा मात्र एकाक्ष आणि जागच्या जागी थिजलेला, त्यामुळे छायाचित्रात हे तिन्ही पुरावे गळून पडतात. खरे तर ते नुसते गळून पडत नाहीत, तर उलट साक्ष देतात, कारण छायाचित्र हातात धरले की दोन्ही डोळे, मान आणि डोळ्यातले भिंग मिळून मेंदूला ‘हा कागद आहे आणि तो हातभर अंतरावर आहे’ असेच सांगत असतात. याचा पडताळा पाहणे सोपे आहे. एखादे मोठे छायाचित्र समोर ठेवावे, एक डोळा मिटावा आणि दुसऱ्या डोळ्याला कागदाची नळी लावून चित्राच्या कडा दिसणार नाहीत अशा बेताने पाहावे. काही क्षणांतच चित्र उघडल्यासारखे होते आणि मागचे मागे जाते. चित्रात काहीच बदललेले नसते. फक्त ते सपाट असल्याची ओरड करणारे साक्षीदार गप्प झालेले असतात.

ते गप्प झाल्यावर जे पुरावे उरतात, ते सगळे एका डोळ्याला पुरणारे आहेत. पुढची वस्तू मागचीला झाकते; ओळखीची वस्तू दूर गेली की लहान दिसते; समांतर रेषा क्षितिजाकडे एकवटतात; पायाजवळची खडी वेगवेगळी दिसते आणि पुढे तिचा एकसारखा पोत होतो; दूरचे डोंगर फिके आणि निळसर होतात; उजेड-सावलीतून वस्तूचा गोलावा कळतो. चित्रकारांना हे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांनी यथार्थदर्शनाचे म्हणजे पर्स्पेक्टिव्हचे जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक केले, त्यात चित्राच्या फळीला छिद्र पाडलेले होते आणि पाहणाऱ्याने फळीमागून एकाच डोळ्याने, समोर धरलेल्या आरशातले चित्राचे प्रतिबिंब पाहायचे होते. एक डोळा आणि एक ठरलेली जागा, या दोन अटी त्यांनी मुद्दाम घातल्या होत्या, आणि कॅमेरा नेमक्या याच दोन अटींवर चालतो. पुढे लिओनार्दो दा विंची यांनी यथार्थदर्शनाचे तीन प्रकार सांगितले: अंतराबरोबर आकार घटतो, रंग बदलतो आणि रेखीवपणा कमी होतो. या तिघांपैकी आकार घटण्याचे गणित कॅमेरा आपोआप आणि बिनचूक करतो, रंग बदलण्याचे काम हवा करते, आणि रेखीवपणाच्या बाबतीत भिंग स्वतःचाच वेगळा नियम चालवते. गोंधळ होतो तो या तीन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे.

आकारापासून सुरुवात करू. मी एकदा टेबलावर पाण्याच्या दोन अगदी सारख्या बाटल्या ठेवल्या, पहिली कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आणि दुसरी २ मीटरवर. चित्रात मागची बाटली पुढचीच्या बरोबर निम्मी उंच आली, कारण अंतर दुप्पट झाले की प्रतिमेचा आकार निम्मा होतो. मग कॅमेरा मागे नेत नेत पहिली बाटली १० मीटरवर येईल इतका दूर केला. बाटल्यांमधले अंतर तेच १ मीटर. पण आता अंतरांचे प्रमाण एकास दोन नसून दहास अकरा, म्हणून मागची बाटली पुढचीपेक्षा जेमतेम नऊ टक्क्यांनी लहान. इतका फरक डोळ्याला सहजी जाणवत नाही, आणि म्हणून दोन्ही बाटल्या एकमेकींना चिकटून ठेवल्यासारख्या दिसू लागल्या. या सगळ्या हिशेबात भिंगाची फोकल लेंथ, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले नाभीय अंतर, कुठेही आलेली नाही. दोन वस्तूंच्या प्रतिमांचे परस्पर प्रमाण त्यांच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतरांवरून ठरते, आणि ती अंतरे ठरतात कॅमेरा कुठे ठेवला आहे त्यावरून. दहा मीटरवरून मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याने चित्र काढले आणि दोन बाटल्यांपुरता तुकडा कापून मोठा केला, तर ते चित्र दाणेदार आणि अस्पष्ट असेल. पण बाटल्यांची मांडणी त्याच जागेवरून टेली लेन्सने काढलेल्या चित्रातल्यासारखीच, तंतोतंत तशीच असेल.

मग फोकल लेंथ करते काय? ती दृश्याचा किती भाग चौकटीत घ्यायचा, एवढेच ठरवते. ३६ × २४ मिलिमीटरच्या, म्हणजे फुल फ्रेम म्हटल्या जाणाऱ्या सेन्सरवर (प्रतिमा टिपणाऱ्या पटलावर) २४ मिलिमीटरचे भिंग कर्णाच्या दिशेने सुमारे ८४ अंशांचे दृश्य पाहते, ५० मिलिमीटरचे सुमारे ४७ अंशांचे आणि २०० मिलिमीटरचे जेमतेम १२ अंशांचे. खिडकी लहान-मोठी केल्याने बाहेरचा देखावा बदलत नाही. पण खिडकी बदलली की माणूस जागा बदलतो, आणि खरी मेख इथे आहे. वाइड लेन्स लावली की चौकटीत फार पसारा येतो, मुख्य वस्तू किरकोळ दिसते, म्हणून छायाचित्रकार पुढे सरकतो. टेली लावली की वस्तू चौकटीत मावत नाही, म्हणून तो मागे हटतो. खोलीचा सगळा फरक या चार पावलांनी घडवलेला असतो आणि श्रेय मात्र भिंगाला जाते. मीही याच समजुतीने फसलो आहे. डोंगररांग ‘भव्य’ दिसावी म्हणून मी मुद्दाम वाइड लेन्स घेऊन गेलो, उभा राहिलो तिथेच राहिलो, आणि घरी येऊन पाहिले तर अर्ध्या चौकटीत आकाश, अर्धीत गवत आणि मध्ये बोटभर उंचीची डोंगररांग. गवतात गुडघे टेकून एखादा दगड हातभर अंतरावर घेतला असता, तर तो दगड आणि ती रांग यांच्यामधले अंतर चित्रात दिसले असते. वाइड लेन्सची ताकद जवळ जाण्यात आहे. जवळ न जाणाऱ्याला ती रिकाम्या जागेशिवाय फारसे काही देत नाही.

याच नियमाची दुसरी बाजू चंद्राच्या चित्रांत दिसते. इमारतीमागे अवाढव्य चंद्र उगवल्याची छायाचित्रे पाहून अनेकांना ती दोन चित्रे जोडून केली असावीत असे वाटते. काही तशी असतातही. पण तसे करण्याची गरज नसते. आकाशात चंद्राचा व्यास साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो आणि आपण जमिनीवर कितीही मागे-पुढे गेलो तरी त्यात फरक पडत नाही. वीस मीटर उंचीच्या इमारतीपासून १०० मीटरवर उभे राहिलो, तर अर्ध्या अंशात इमारतीची मीटरभरही उंची मावत नाही, म्हणजे चंद्र तिच्या एखाद्या खिडकीएवढा दिसतो. तीच इमारत २ किलोमीटरवरून पाहिली, तर अर्ध्या अंशात तिची साडेसतरा मीटर उंची मावते आणि चंद्र जवळपास तिच्याएवढा होतो. लांबलचक टेली लेन्स लागते ती फक्त एवढ्या दुरून तो छोटासा तुकडा चौकटभर करण्यासाठी. चंद्र मोठा केला तो दोन किलोमीटर मागे जाण्याने.

माणसांच्या चेहऱ्यालाही हेच लागू पडते. नाकाचे टोक आणि कान यांच्यात पुढे-मागे सुमारे १२ सेंटीमीटरचे अंतर धरले, तर ३० सेंटीमीटरवरून घेतलेल्या सेल्फीत नाक ३० वर आणि कान ४२ सेंटीमीटरवर असतात, त्यामुळे नाक कानांच्या मानाने १.४ पट मोठे येते. दीड मीटरवरून हेच प्रमाण १.०८ पट इतके उतरते, आणि समोरासमोर बसून बोलताना आपण माणसाला साधारण तितक्याच अंतरावरून पाहत असल्यामुळे ते रूप ओळखीचे वाटते. व्यक्तिचित्रासाठी ८५ मिलिमीटरचे भिंग ‘चेहरा सुंदर दाखवते’ असे म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच, की डोके-खांदे चौकटीत मावावेत म्हणून ते छायाचित्रकाराला दीड-दोन मीटर मागे उभे राहायला लावते. सेल्फीत आपले नाक पाहून नाराज होणाऱ्यांनी नाकाला दोष देण्याआधी हाताची लांबी लक्षात घ्यावी.

आता वरची विधाने मी पूर्ण चूक न म्हणता अर्धी खरी का म्हटली, ते सांगायला हवे. यथार्थदर्शनाचे प्रत्येक चित्र एका विशिष्ट जागेवरून पाहिले तरच अगदी बरोबर दिसते आणि ती जागा फोकल लेंथवर अवलंबून असते. फुल फ्रेम सेन्सरवरचे चित्र दहापट मोठे करून ३६ सेंटीमीटर रुंद छापले, तर ५० मिलिमीटरच्या भिंगाने काढलेले चित्र ५० सेंटीमीटरवरून पाहायला हवे, २४ मिलिमीटरचे २४ सेंटीमीटरवरून आणि २०० मिलिमीटरचे चक्क २ मीटरवरून. असे कोणी पाहत नाही. आपण सगळी चित्रे सोयीच्या एकाच अंतरावरून पाहतो. टेलीचे चित्र असायला हवे त्यापेक्षा फार जवळून पाहिले जाते, त्यामुळे मेंदूला दिसणारे आकार आणि अपेक्षित आकार जुळत नाहीत आणि दोन वस्तूंमधली जागा आकसल्यासारखी वाटते. वाइडचे चित्र असायला हवे त्यापेक्षा दुरून पाहिले जाते, म्हणून त्यातले अंतर ताणल्यासारखे भासते. त्याच कारणाने वाइड चित्राच्या कडेला उभी असलेली माणसे रुंदावतात: २४ मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेल्या आडव्या चौकटीच्या अगदी उजव्या कडेला ठेवलेला चेंडू सव्वापट लांबुडका उमटतो. हा भिंगाचा दोष नाही. त्या ३६ सेंटीमीटर रुंद चित्राच्या मध्यासमोर २४ सेंटीमीटरवर डोळा नेला, तर कडेचा तोच चेंडू तिरका पाहिल्यामुळे आखडतो आणि पुन्हा गोल दिसतो. तेव्हा भिंग चित्र चपटे करते हे खरे नसले, तरी त्या भिंगाचे चित्र आपल्या पाहण्याच्या सवयीमुळे चपटे दिसते, हे खरे आहे.

आकाराचा हिशेब इथे संपतो आणि धूसरपणाचा सुरू होतो. इथे मात्र भिंगाचे स्वतःचे कर्तृत्व आहे. वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश भिंगाच्या सगळ्या उघड्या भागावर पसरून पडतो आणि पलीकडे शंकूसारखा निमुळता होत पुन्हा एका बिंदूत मिळतो. सेन्सर नेमका त्या टोकाशी असेल तर बिंदूची प्रतिमा बिंदूच येते. टोक पुढे-मागे पडले तर सेन्सर तो शंकू मध्येच छेदतो आणि बिंदूच्या जागी चकती उमटते. फुल फ्रेम सेन्सरसाठी ही चकती ०.०३ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर साधारण आकाराच्या छापील चित्रात डोळा तिला बिंदूच समजतो, असे धरण्याचा जुना रिवाज आहे. म्हणजे अगदी काटेकोर अर्थाने फक्त एकच प्रतल रेखीव असते आणि त्याच्या पुढे-मागे जेवढ्या पट्ट्यात चकत्या या मर्यादेत राहतात, त्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. ५० मिलिमीटरच्या भिंगाने २ मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर एफ/१.८ ला (हा एफ-अंक जितका लहान, तितके भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र मोठे) हा पट्टा सुमारे १७ सेंटीमीटरचा असतो आणि एफ/८ ला सुमारे ७८ सेंटीमीटरचा. एफ/८ वर मधले छिद्र बारीक झालेले असते, शंकू सडपातळ होतो, आणि सडपातळ शंकू कुठेही छेदला तरी चकती लहानच येते. नियम एवढाच आहे.

पट्टा किती जाड आणि मागचे किती विरघळले, या दोन गोष्टी मात्र एकच नव्हेत, आणि त्या एकच मानल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. मागचे किती धूसर होईल याचा एक सोपा आणि फारसा न सांगितला जाणारा नियम आहे. फार दूरचा दिवा चित्रात जी चकती उमटवतो, ती चकती फोकस केलेल्या चेहऱ्याच्या शेजारी ठेवून मोजली, तर तिचा व्यास भिंगाच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासाइतका असतो. छिद्राचा व्यास काढायचा तर फोकल लेंथला एफ-अंकाने भागायचे: ५० मिलिमीटर एफ/१.८ चे छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे, ८५ मिलिमीटर एफ/१.८ चे ४७ मिलिमीटरचे. म्हणजे ८५ च्या भिंगाने काढलेल्या चित्रात दूरचा प्रत्येक दिवा चेहऱ्याच्या जवळजवळ एकतृतीयांश रुंदीची चकती होऊन मागे तरंगतो. दिवा फार दूर नसून माणसाच्या दुप्पट अंतरावर असेल, तर चकती याच्या निम्मी होते. आता २०० मिलिमीटरचे एफ/४ भिंग घ्या. त्याचे छिद्र ५० मिलिमीटरचे, म्हणजे चेहरा चौकटीत तेवढाच ठेवला तर दूरचे दिवे जवळपास तसेच विरघळतील, पण रेखीव पट्टा दुपटीहून जास्त जाड मिळेल आणि डोळ्यांवर फोकस करताना कान धूसर होण्याचे भय कमी राहील.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची अडचण याच नियमातून एका ओळीत समजते. त्याच्या भिंगाची खरी फोकल लेंथ सहा-सात मिलिमीटरची असते, म्हणून जाहिरातीत एफ/१.८ लिहिलेले असले तरी छिद्र जेमतेम चार मिलिमीटरचे असते आणि दूरचा दिवा चेहऱ्याशेजारी वाटाण्यापेक्षाही लहान दिसतो. गंमत अशी, की १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन या छायाचित्रकारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळे रेखीव असावे या आग्रहापोटी आपल्या गटालाच ‘एफ/६४’ असे नाव दिले होते; त्यांच्यासारख्या मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरचे भिंग एफ/६४ ला ठेवले, तर छिद्र पावणेपाच मिलिमीटरच्या आत भरते. त्यांनी अवजड तिपाई लावून, लांब एक्स्पोजर देऊन जे साधले, ते आज प्रत्येकाच्या खिशात फुकट मिळते, आणि आपण ते घालवण्यासाठी सॉफ्टवेअर वापरतो.

ते सॉफ्टवेअर म्हणजे पोर्ट्रेट मोड. २०१६ साली आलेल्या आयफोन ७ प्लसने शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन भिंगांतून दिसणाऱ्या चित्रांतला फरक मोजून अंतराचा नकाशा बनवला; पुढच्या वर्षी गूगलच्या पिक्सेल २ ने एकाच भिंगावर भागवले, कारण त्याच्या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला होता आणि एक भाग भिंगाच्या डाव्या, तर दुसरा उजव्या अर्ध्यातून पाहत होता. दोन्हींच्या मुळाशी व्हीटस्टन यांचे दोन डोळेच आहेत. नकाशा तयार झाला की कोणता भाग किती धूसर करायचा हे हिशेबाने ठरते. केसांच्या बटा, चष्म्याची काच, कानातल्याच्या कड्यामधली मोकळी जागा, इथे हा नकाशा चुकतो हे सर्वांनी पाहिले आहे. मला त्याहून मोठी खोट दुसरीकडे दिसते: पुष्कळदा माणूस सगळा रेखीव आणि मागचे सगळे सारखेच धूसर केले जाते, तर खऱ्या भिंगात धूसरपणा अंतराबरोबर हळूहळू चढत जातो. माणूस ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन त्याच्या पायाशी रेखीव असावी आणि मागे जाताना विरत जावी. तो उतार नाहीसा झाला की माणूस पडद्यापुढे उभ्या केलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो.

हीच तक्रार खऱ्या भिंगांच्या चित्रांविषयीही करता येते. छिद्र मोठे ठेवले म्हणजे खोली वाढली, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. धूसरपणा पुढचे आणि मागचे वेगळे करतो हे खरे. १८४० साली योझेफ पेट्झवाल यांनी आखलेल्या, त्या काळी विलक्षण मोठ्या म्हणजे सुमारे एफ/३.६ छिद्राच्या व्यक्तिचित्र-भिंगापासून हे लोकांच्या डोळ्यांत भरत आले आहे. पण धूसरपणा जेवढा वाढतो, तेवढे एकवटणाऱ्या रेषा, बारीक होत जाणारा पोत, एकामागून एक झाकली जाणारी माणसे हे बाकीचे पुरावे पुसले जातात. मागचे सगळे एकजीव रंगांचे डाग झाले, की ‘पुढे’ आणि ‘मागे’ एवढे दोनच थर उरतात, आणि दोन थरांना खोली म्हणणे जरा जास्तच झाले. मागे दार आहे, दारापलीकडे अंगण आहे, अंगणात कोणी उभे आहे, हे ओळखू येईल इतकाच धूसरपणा ठेवला तर डोळ्याला आत जायला वाट राहते. जपानी भाषेतून आलेला ‘बोके’ हा शब्द धूसरपणाच्या गुणवत्तेसाठी वापरतात. चकत्यांच्या कडा मऊ आहेत की कडक, छिद्राच्या पात्यांमुळे त्या बहुकोनी झाल्या आहेत का, चौकटीच्या कडेला त्या मांजरीच्या डोळ्यासारख्या चपट्या झाल्या आहेत का, हे सगळे त्यात येते. या गोष्टींनी चित्राचा पोत बदलतो. अंतर फारसे बदलत नाही.

धूसरपणावरून मेंदू अंतर किती खोलवर वाचतो, हे मात्र एका गमतीदार फसवणुकीतून कळते. उंच इमारतीवरून खालच्या चौकाचे चित्र घेतले तर सगळे रेखीव यायला हवे, कारण ५० मिलिमीटरचे भिंग एफ/८ ला साडेदहा मीटरवर फोकस केले की पाच-सव्वापाच मीटरपासून अनंतापर्यंत सगळेच पट्ट्यात बसते. पण भिंग सेन्सरच्या प्रतलाशी तिरके केले, की रेखीव प्रतलही तिरके होते. ऑस्ट्रियाचे थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई छायाचित्रांसाठी हा नियम वापरला आणि आजच्या टिल्ट लेन्स त्यावरच चालतात. तिरकेपणा उलट्या दिशेने वापरून चौकाचा फक्त एक अरुंद पट्टा रेखीव ठेवला आणि वरचे-खालचे धूसर केले, तर मोटारी आणि माणसे चक्क खेळण्यातली वाटू लागतात. इतका अरुंद पट्टा फक्त हातभर अंतरावरून छोट्या वस्तू पाहतानाच मिळतो, हे मेंदूने आयुष्यभर अनुभवलेले असते. त्यामुळे तो चौक लहान आहे असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

हवेचा वाटा थोडक्यात. डोंगरांच्या एकामागून एक रांगा, प्रत्येक रांग पुढचीपेक्षा फिकी, अशी चित्रे बहुधा टेली लेन्सने काढलेली असतात, आणि ती पाहून टेली चपटी असते असे कोणी म्हणणार नाही. रांगांच्या आकारांत फरक उरलेला नसतो, तरी प्रत्येकीच्या मध्ये काही किलोमीटर हवा असते आणि तिच्यातून विखुरलेला प्रकाश अंतराची नोंद ठेवतो. संपादन करताना ‘डीहेझ’ची, म्हणजे धुरकटपणा काढणारी पट्टी शेवटपर्यंत ओढणारे ही नोंदच खोडून टाकतात आणि मग चित्र सपाट झाले म्हणून लेन्सला बोल लावतात.

राहिला तो महागड्या लेन्सचा ‘थ्रीडी पॉप’. काही भिंगांच्या चित्रांत वस्तू कागदातून उठून येते, असे त्यांचे चाहते शपथेवर सांगतात. चांगल्या लेपांमुळे भिंगाच्या आतल्या परावर्तनांचा झाकोळ कमी होतो, त्यामुळे गडद भाग गडद राहतात आणि गोलाव्यावरच्या सूक्ष्म छटा टिकतात, इतके निश्चितच खरे आहे. छटा टिकल्या की गोलावा अधिक कळतो, हेही ओघाने आले. पण उदाहरणादाखल दाखवली जाणारी चित्रे नीट पाहिली, तर बहुतेकांत बाजूने येणारा उजेड, गडद पार्श्वभूमी, दोन-तीन मीटरचे अंतर आणि थोडासाच धूसरपणा, अशी मांडणी सापडते. समोरून फ्लॅश मारलेल्या चेहऱ्यात कोणतेही भिंग हा परिणाम आणू शकत नाही, आणि खिडकीच्या बाजूच्या उजेडात साधे भिंगही बऱ्यापैकी आणते. त्यामुळे जास्तीचे पैसे मोजण्याआधी माणसाला खिडकीजवळ बसवून पाहावे, असे माझे मत आहे.

जागा आणि फोकल लेंथ यांचा वाटा स्वतःच्या डोळ्यांनी वेगवेगळा पाहायचा असेल, तर आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५८ साली पडद्यावर आणलेली युक्ती मोबाइलवर करून पाहता येते. त्यांच्या चित्रपटात उंचीची भोवळ दाखवण्यासाठी कॅमेरा एका दिशेने सरकत असतानाच झूम उलट्या दिशेने फिरवला होता. टेबलावर एक बाटली ठेवावी. तिच्या ३ मीटर मागे खिडकी असावी. बाटलीपासून १ मीटरवर उभे राहून व्हिडिओ सुरू करावा आणि सावकाश मागे जात जात झूम अशा बेताने वाढवावा, की बाटली पडद्यावर तेवढीच राहील. ३ मीटरवर पोचेपर्यंत झूम तिप्पट झालेला असतो. सुरुवातीला खिडकी बाटलीच्या चौपट अंतरावर होती, आता ती दुप्पट अंतरावर आहे; म्हणून बाटली जागची हलत नाही, पण तिच्या मागची खिडकी फुगत फुगत दुप्पट मोठी होते आणि सगळी भिंत बाटलीच्या पाठीला येऊन भिडते.